घरच्या कॉम्प्युटरसाठी फुकटातला कोणता अँटिव्हायरस घेऊ? (दोन आधीच आहेत)

कानामात्रा

नमस्कार. प्रश्न एका ओळीचा आहे, पण परिस्थिती सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हाला उलट विचारत बसावं लागणार नाही.

मी घरी बसून मुद्रितशोधनाचं काम करते. काही फायली झिप करून ईमेलवर येतात, काही पेनड्राइव्हवर. डीटीपी करणारे गृहस्थ अजूनही पेजमेकर वापरतात आणि फॉन्टसकट अख्खं फोल्डर उचलून देतात, त्यामुळे पेनड्राइव्ह सुटत नाही. कॉम्प्युटर जुना आहे: विंडोज १०, चार जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. घरात तो एकच. दिवसा मी, संध्याकाळी दहावीतला मुलगा, आणि अधूनमधून सासरे बातम्या वाचायला बसतात.

आता त्रास सांगते. पहिला, वेग. काल घड्याळ लावून पाहिलं. बटण दाबल्यापासून वर्डमध्ये पहिलं अक्षर उमटेपर्यंत अकरा मिनिटं गेली. दुसरा, उजव्या खालच्या कोपऱ्यात सारखी लाल चौकट उगवते, 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, ताबडतोब स्वच्छ करा'. दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी. तिसरा त्रास मात्र माझ्या पोटावरच आलाय. मंगळवारी पेनड्राइव्ह लावला तर त्यातलं पुस्तकाचं फोल्डर एक केबीचा शॉर्टकट होऊन बसलेलं. दोनदा डबल क्लिक केलं. काळी खिडकी क्षणभर चमकली आणि गेली, उघडलं काहीच नाही. त्यात २१२ पानांची प्रुफं आहेत, त्यातल्या जवळजवळ निम्म्या पानांवरच्या दुरुस्त्या माझ्या आहेत आणि दुसरी प्रत नाही.

घड्याळाशेजारी दोन अँटिव्हायरसची चित्रं दिसतात. एक कॉम्प्युटरबरोबर आलेला, त्याची मुदत कधीच संपली. दुसरा फुकटातला, दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला आलेल्या मुलाने टाकून दिला होता. आता एक मैत्रीण म्हणते तिसराच टाक, तो चांगला आहे. म्हणून विचारते, फुकटातला नेमका कोणता टाकू? गरज असेल तर पैसे भरून घ्यायचीही तयारी आहे, पण ती गरज खरंच आहे का, हे आधी कळू दे. आणि गेलेलं फोल्डर परत मिळण्याची काही आशा आहे का?

पाऊलवाट

मी गेली तीन वर्षं बिटडिफेंडरचा फुकट अँटिव्हायरस वापरतोय. गुपचूप काम करतो, विकत घ्या म्हणून फारसा मागे लागत नाही. मला तो आवडण्याचं मुख्य कारण म्हणजे फसव्या साइट तो कुठल्याही ब्राउझरमध्ये अडवतो. विंडोजमध्ये असाच पहारा देणारं स्मार्टस्क्रीन असतं, पण त्याचा साइट अडवण्याचा भाग मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरपुरता चालतो आणि आमच्या घरी एज कोणी उघडत नाही.

पण एक नक्की, तिसरा टाकण्याआधी ते दोन काढा. तीन एकत्र ठेवाल तर अकराची वीस मिनिटं होतील.

लॅब नंबर दोन

कानामात्रा, अँटिव्हायरसचं मागाहून बोलू. आधी पेनड्राइव्ह, कारण तुमचं काम तिथे अडलंय.

तुमची पानं बहुतेक जागेवरच आहेत. मी अठरा वर्षं एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळली, चाळीस मशीन आणि रोज शंभरेक पोरांचे पेनड्राइव्ह. हा प्रकार इतक्या वेळा पाहिलाय की नुसत्या वर्णनावरून ओळखू येतो. हा व्हायरस फोल्डर पुसत नाही, लपवतो. खऱ्या फोल्डरला 'हिडन' आणि 'सिस्टिम' अशा दोन खुणा लावतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट दर्शनी ठेवतो. चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात बारीक वाकडा बाण असेल, पाहा. एरवी त्यावर डबल क्लिक केलं की आधी व्हायरसची फाइल चालते आणि लगेच खरं फोल्डरही उघडून दिलं जातं, म्हणून कोणाला संशय येत नाही. तुमच्याकडे काळी खिडकी चमकली पण फोल्डर उघडलं नाही. माझा अंदाज असा की दोनांपैकी कुठल्या तरी अँटिव्हायरसने व्हायरसची फाइल उचलून नेली आणि रिकामे शॉर्टकट तेवढे मागे राहिले. हा अंदाज खरा असेल तर तुम्ही सुदैवी आहात.

आता असं करा. त्या शॉर्टकटवर पुन्हा क्लिक करू नका. फाइल एक्स्प्लोररमध्ये वर 'व्ह्यू', मग 'ऑप्शन्स', आणि उघडलेल्या चौकटीत पुन्हा 'व्ह्यू' टॅब. तिथे 'शो हिडन फाइल्स' निवडा आणि त्याच्या खाली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' आहे, त्याची खूण काढा. विंडोज काळजीने विचारेल, 'यस' म्हणा. नुसतं हिडनचं करून लोक थांबतात आणि फाइल गेली म्हणून रडतात, ही दुसरी खूण काढणं महत्त्वाचं. आता पेनड्राइव्हमध्ये फिकट रंगाचं तुमचं फोल्डर दिसायला हवं. नाही दिसलं तर नाव नसलेलं एखादं फोल्डर आहे का ते शोधा, काही वेळा सगळं उचलून त्यात कोंबलेलं असतं. मिळालं की तुमच्या ओळखीच्या फायलीच तेवढ्या कॉम्प्युटरवर कॉपी करा: पेजमेकरच्या, वर्डच्या, फॉन्टच्या. नावाच्या शेवटी व्हीबीएस, जेएस, ईएक्सई किंवा एलएनके असेल तर ती फाइल घेऊ नका. नावाचा शेवट दिसत नसेल तर त्याच टॅबमधल्या 'हाइड एक्स्टेन्शन्स'ची खूण काढा, आणि ती कायमची काढलेलीच असू द्या. 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' अशी फाइल नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते ती याच सोयीमुळे. कॉपी झाली, फायली उघडून पाहिल्या, की पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

हे शॉर्टकटचं खूळ कुठून आलं तेही सांगतो, कारण त्यातच उपाय आहे. पूर्वी पेनड्राइव्ह खुपसला की ऑटोरनमुळे त्यातला प्रोग्राम आपोआप चालायचा आणि व्हायरसला दुसरं काही करावंच लागत नसे. विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी ते बंद केलं आणि २०११ मध्ये जुन्या विंडोजलाही तशी दुरुस्ती पाठवली. तेव्हापासून व्हायरसला तुमचं बोट लागतं. तुम्ही क्लिक केलं तरच तो चालतो.

आता लाल चौकट. पुढच्या वेळी ती आली की घाईने बंद करू नका, नीट वाचा. मोठ्या अक्षरांच्या आसपास बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता दिसतो का? दिसला तर ती चौकट अँटिव्हायरसची नाही, एका वेबसाइटची जाहिरात आहे. घरातल्या कोणी तरी कुठल्या तरी पानावर 'अलाउ' दाबलेलं असतं आणि त्या परवानगीवर ती साइट रोज सूचना पाठवत राहते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती प्रत्येक काढून टाका, आणि वरचा पर्याय असा ठेवा की यापुढे कुठलीच साइट विचारणार नाही. याला अँटिव्हायरस लागत नाही.

राहिला मूळ प्रश्न. माझं उत्तर: नवीन काहीही टाकू नका. दोन्ही काढा आणि डिफेंडर, म्हणजे विंडोजबरोबरच येणारा अँटिव्हायरस, जागा होऊ द्या.

डिफेंडर म्हटलं की लोक नाक मुरडतात, त्याला जुनी कारणं आहेत. सुरुवातीला तो फक्त स्पायवेअर, म्हणजे चोरून पाळत ठेवणारे प्रोग्राम, पकडायचा. पूर्ण अँटिव्हायरस झाला विंडोज ८ मध्ये, २०१२ साली, आणि पुढची काही वर्षं चाचण्यांत मागेच असायचा. आता तसं नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता या तिन्हींना सहा-सहा गुण देते, एकूण अठरा. गेल्या काही वर्षांत डिफेंडरला तिथे अनेकदा पूर्ण अठरा पडलेत. एक उणीव मात्र खरी आहे. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या चाचण्यांत नेट बंद असताना डिफेंडरची पकड बरीच सैल पडते, कारण त्याचं अर्धं डोकं क्लाउडमध्ये, म्हणजे नेटवरच्या मायक्रोसॉफ्टच्या कॉम्प्युटरांत आहे. म्हणून अनोळखी पेनड्राइव्ह लावताना नेट चालू असू द्या आणि सेटिंगमधलं 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन' बंद करू नका.

दोन अँटिव्हायरस एकत्र का नकोत? कुठलीही फाइल उघडताना अँटिव्हायरस मध्ये पडून ती आधी तपासतो, विंडोजच्या अगदी पोटात शिरून. दोघं असले की प्रत्येक फाइल दोघांच्या हाताखालून जाते, आणि काही वेळा एक दुसऱ्याच्या तपासणीलाच व्हायरसची हालचाल समजतो. साध्या हार्ड डिस्कवर याची किंमत तुम्ही रोज अकरा मिनिटांनी मोजताय. दुसरा अँटिव्हायरस आला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो ते याचसाठी. आणि मुदत संपलेला जो आहे, त्याच्याकडे नव्या व्हायरसची माहितीच येत नसणार. तुम्ही त्याला मेमरी देताय आणि तो काही देत नाही.

काढताना नुसतं चित्र डिलीट करू नका, 'ॲप्स'मधून अनइन्स्टॉल करा. तरी शेपूट मागे राहतं, म्हणून बहुतेक कंपन्या साफसफाईचं वेगळं छोटं साधन आपल्याच साइटवर ठेवतात. ते तिथूनच घ्या, सर्चमध्ये वर आलेल्या जाहिरातीवरून नको. एक काढा, रिस्टार्ट, मग दुसरा, पुन्हा रिस्टार्ट. मग 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये रिअल-टाइम चालू आहे ना ते बघा. 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' असतं तेही चालू करा, फुकटच्या फॉन्टबरोबर आणि कन्व्हर्टरबरोबर घुसणारा कचरा त्याने अडतो. शेवटी 'स्कॅन ऑप्शन्स'मधून ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपलेल्याला पळायला वाव मिळत नाही. त्याआधी उघडं काम सेव्ह करा, तो लगेच रिस्टार्ट होतो.

पाऊलवाट यांच्या बिटडिफेंडरला माझी हरकत नाही, चांगलाच आहे. क्रोम आणि फायरफॉक्सही गुगलच्या सेफ ब्राउझिंगच्या यादीवरून फसव्या साइट अडवतात, म्हणून मला ती उणीव तेवढी मोठी वाटत नाही. पण फुकटाचा विचार करताना एक बाब लक्षात असू द्या. अव्हास्ट ही मोठी फुकट अँटिव्हायरस देणारी कंपनी वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट नावाच्या आपल्याच उपकंपनीमार्फत विकत होती. ते उघड झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये जम्पशॉट बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अव्हास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावं आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. चार डब्यांतून निवडतोय असं वाटतं, पण दुकान एकच. माझ्या आईच्या कॉम्प्युटरवर मी काय ठेवलंय विचाराल, तर डिफेंडर.

आणि ताई, दुसरी प्रत नाही हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. शंभर पानांवरच्या दुरुस्त्या म्हणजे किती दिवसांचे डोळे. फोल्डर मिळो न मिळो, आजपासून दोन प्रती ठेवा, त्यातली एक कॉम्प्युटरला सतत जोडलेली नसलेली.

सोनचाफा

लाल चौकटीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. तिच्यावर क्लिक केलं की पुढे काय होतं ते आमच्या घरी झालंय.

बाबांनी एकदा दाबलं. पूर्ण पडदाभर लाल पान आलं, भोंगा वाजायला लागला, एस्केप दाबून जाईना. मध्यभागी फोन नंबर. बाबा घाबरले, फोन केला. पलीकडचा माणूस अत्यंत आदबीने बोलत होता, एका मोठ्या कंपनीचं नाव सांगत होता. त्याने दूरून कॉम्प्युटर चालवण्याचं सॉफ्टवेअर उतरवायला लावलं आणि मग बाबांच्या डोळ्यांसमोर माउस आपोआप फिरू लागला. त्याने विंडोजची इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही उघडून त्यातल्या लाल खुणा दाखवल्या आणि म्हणाला, बघा, किती व्हायरस. त्या खुणा प्रत्येक चालू कॉम्प्युटरवर असतात. बाबांना ते कसं माहीत असणार. नंतर तो बँकेचं पान उघडा म्हणाला, तेवढ्यात आई आत आली आणि तिने सरळ राउटरची पिन ओढली.

अँटिव्हायरस चालू होता. त्याने काहीच केलं नाही, कारण ते सॉफ्टवेअर खरंच कायदेशीर आहे, ऑफिसांत रोज वापरतात. परवानगी बाबांनी स्वतः दिली होती. आम्ही त्याच तासाला दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदलले, बँकेला कळवलं आणि विंडोज नव्याने टाकलं. पैसे वाचले, पण बाबा कित्येक महिने कॉम्प्युटरला हात लावायला तयार नव्हते. रोज सकाळी बुद्धिबळाची कोडी सोडवणारा माणूस. ते बघवत नव्हतं.

तेव्हा सासऱ्यांना आजच सांगून ठेवा: कुठलीही खरी कंपनी पडद्यावर नंबर दाखवून फोन करायला सांगत नाही. पान अडकलं तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा, तेही नाही जमलं तर सरळ मशीन बंद करायचं. काही बिघडत नाही. आणि सांगताना रागावून नको. बाबांना आम्ही पहिल्या दिवशी रागावलो, ते आजही सलतं.

कानामात्रा

मिळालं! आधी हेच सांगते.

दुसरी खूण काढल्यावर पेनड्राइव्हमध्ये फिकट, धुक्यातल्यासारखं फोल्डर दिसलं. नाव तेच. उघडताना हात थरथरत होते. सगळी २१२ पानं आहेत, पान ८७ वरचा माझा 'ऱ्हस्व की र्‍हस्व, लेखकाला विचारणे' हा शेरासुद्धा. फायली आधी कॉम्प्युटरवर घेतल्या, मग स्वतःलाच ईमेल केल्या, मग धाकट्या भावाकडून जुनी बाहेरची हार्ड डिस्क आणून तिच्यावर तिसरी प्रत ठेवली आणि ती डिस्क कपाटात. डीटीपीवाल्यांना फोन करून सांगितलं. त्यांच्याकडे चार पेनड्राइव्हवर हेच होतं आणि ते रोज शॉर्टकट पुसून पुढे जात होते, म्हणजे मूळ तिथेच असणार. त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

लाल चौकट मी नीट वाचली. खरंच, बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि त्याखाली एका साइटचा विचित्र पत्ता. यादीत अशा १४ साइट होत्या. सासरे म्हणाले, बातमी वाचायला 'अलाउ' दाबा असं लिहून यायचं म्हणून दाबत होतो. सोनचाफा, तुमचा अनुभव त्यांना वाचून दाखवला, शांतपणे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, अशाच एका नंबरवर मी एकदा फोन लावला होता, लागला नाही म्हणून सोडून दिलं. माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही लिहिलंत म्हणून हे बाहेर आलं, नाही तर कधीच कळलं नसतं.

दोन्ही अँटिव्हायरस काढले. मुदत संपलेला सहज निघेना, कंपनीच्या साइटवरचं साधन वापरावं लागलं. आता सुरू व्हायला सव्वाचार मिनिटं लागतात. ऑफलाइन स्कॅनमध्ये काही सापडलं नाही.

दोन शंका उरल्या. डिफेंडर खरंच जागा आहे हे कसं कळणार? तो तर काहीच बोलत नाही. आणि विंडोज १० चं आयुष्य संपलं म्हणतात, मग डिफेंडरही संपला का?

लॅब नंबर दोन

वाचून फार बरं वाटलं. पान ८७ चं तर विशेष.

डिफेंडर जागा आहे का ते तपासायला एक निरुपद्रवी फाइल असते, आयकार टेस्ट फाइल. अवघ्या ६८ अक्षरांची ओळ, तिच्यात व्हायरस नाही, पण जगातले सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस समजून पकडायचं असं आपसात ठरलेलं आहे. आयकार संस्थेच्याच साइटवरून ती उतरवून बघा. डिफेंडर जागा असेल तर फाइल टिकणारच नाही आणि 'प्रोटेक्शन हिस्टरी'त नोंद सापडेल.

विंडोज १० ला नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहे. पण त्यावर विसंबू नका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिफेंडर ओळखीचा चोर पकडतो, विंडोजच्या भिंतीला पडलेलं भोक तो बुजवत नाही. वॉनाक्राय आठवत असेल, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं ते प्रकरण. ते ज्या भोकातून शिरलं त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिली होती आणि हल्ला झाला १२ मे २०१७ ला. मध्ये ५९ दिवस होते. ज्यांनी अपडेट पुढे ढकललं त्यांची कॉम्प्युटरं गेली, रुग्णालयांचीसुद्धा. तेव्हा सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव मुदतीच्या सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवण्याचा पर्याय आहे, तो घ्या. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर तो बिनपैशांत मिळतो, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तोवर पुढचं ठरवायला वेळ मिळेल. कॉम्प्युटरवर खर्च करायचाच झाला तर अँटिव्हायरसवर करू नका, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्या. सव्वाचार मिनिटांचं काय होतं ते बघा.

अजून एक जागा तपासा, आधी सांगायची राहिली. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' आणि तिथे अगदी तळाशी 'एक्सक्लुजन्स'. इथे लिहिलेल्या जागा डिफेंडर तपासतच नाही. घरच्या कॉम्प्युटरवर ही यादी रिकामी असायला हवी.

कानामात्रा

आधी आयकार केलं. फाइल उतरताच खाली सूचना आली आणि फाइल गायब. आनंदाने पुन्हा केलं, तर दुसऱ्या वेळी ती 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये तशीच पडून राहिली. कळेना. मग लक्षात आलं, पहिल्या वेळी मी ती डेस्कटॉपवर ठेवली होती.

तेव्हा एक्सक्लुजन्स उघडलं. यादी रिकामी नाही. 'डाउनलोड्स' अख्खं फोल्डर तिथे लिहिलेलं आहे. म्हणजे ईमेलवरून येणारी माझी प्रत्येक झिप फाइल जिथे उतरते, तीच जागा डिफेंडर बघत नाही. हे कोणी केलं असेल?

लॅब नंबर दोन

शाब्बास, दोन ठिकाणी करून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना मी हेच शिकवायचो.

कोणी केलं ते मुलाला विचारा, पण प्रेमाने. बहुतेक क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेला एखादा गेम असेल. त्याबरोबर एक नोट असते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा किंवा हे फोल्डर वगळा, नाही तर गेम चालणार नाही'. मूल ते मुकाट्याने करतं. अशा गेमबरोबर येणारे काही प्रोग्राम कॉम्प्युटर बिघडवत नाहीत, स्लोही करत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन गुपचूप उचलून पाठवतात आणि कधी कधी स्वतःला पुसूनही टाकतात. म्हणून ऑफलाइन स्कॅन कोरा आला यावर मी समाधान मानणार नाही.

ती ओळ यादीतून काढा, यादी रिकामी करा, मग फुल स्कॅन रात्रभर लावा. साध्या हार्ड डिस्कवर बरेच तास घेईल. आणि आधी फोनवरून, या कॉम्प्युटरवरून नाही, ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. ईमेलच्या खात्यात 'सगळीकडून लॉगआउट' असतं, तेही करा. त्यानंतर मुलाला स्वतःचं वेगळं खातं काढून द्या, 'स्टँडर्ड' प्रकारचं, ॲडमिनिस्ट्रेटर नको. मग असं काही बदलायला तुमचा पासवर्ड लागेल.

पाऊलवाट

मी माझ्या कॉम्प्युटरवर बिटडिफेंडरमध्ये अशीच यादी शोधली. मीच दोन वर्षांपूर्वी एका पीडीएफ कन्व्हर्टरसाठी एक फोल्डर वगळलं होतं आणि विसरून गेलो होतो. काढलं.

कानामात्रा

फुल स्कॅन रात्री दहाला लावला, सकाळी सहाला उठून पाहिलं तेव्हा संपला होता. 'डाउनलोड्स'मधल्या एका गेमच्या फोल्डरात दोन धोके सापडले, दोन्ही काढून टाकलेत. पासवर्ड रात्रीच फोनवरून बदलले होते.

मुलाला विचारलं. लगेच कबूल झाला. वर्गातल्या मित्राने पेनड्राइव्हवर दिलेला गेम, सोबत नोट होती, त्याप्रमाणे केलं. तो गेम काही चालला नाहीच. मी रागावले नाही. फक्त पुस्तकाचं फोल्डर उघडून त्याला माझ्या दुरुस्त्या दाखवल्या, पानापानावर. तो म्हणाला, आई, हे सगळं तू एकटी करतेस? मग त्यानेच बसून स्वतःचं स्टँडर्ड खातं तयार केलं आणि माझ्या खात्याला पासवर्ड घालायला लावला. आता त्याने त्या मित्राला फोन लावलाय, तुझ्याकडे एक्सक्लुजन्स कुठे असतं ते सांगतो म्हणून.